अंगणवाडीचा आहार आणि मातृवंदनेचे पैसे: ठाणे-नवी मुंबईतल्या गरोदर बाईने कशानंतर काय करायचं

तुर्भे स्टोअर, दिघा, लोकमान्य नगर किंवा मुंब्रा, कुठेही विचारा, गोष्ट साधारण सारखीच ऐकायला मिळते. पाचव्या महिन्यात दवाखान्यात नाव घातलं, सातव्यात माहेरी गेली, बाळ चार महिन्यांचं झाल्यावर परत आली. अंगणवाडीत गेली तर यादीत नाव नाही. मातृवंदनेचा, म्हणजे गरोदर बाईला सरकारकडून पैसे मिळणाऱ्या प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचा, अर्ज भरायला बसली तर आधारवर एक नाव, बँकेत दुसरं आणि दवाखान्याच्या कार्डावर तिसरंच. मग महिनाभर झेरॉक्सच्या दुकानातून आरोग्य केंद्रात आणि तिथून बँकेत फेऱ्या. तोवर बाळाचे आणि तिचे खाण्यापिण्याचे महत्त्वाचे दिवस निघून गेलेले असतात. ते कुठल्याही अर्जाने परत मिळत नाहीत.

मी अशा अर्जांना मदत करते, त्यात एक गोष्ट वारंवार दिसते. बायका पात्र असतात, योजना चालू असते, गडबड होते ती क्रमात. उशिरा केलेलं काम आणि आधी करायचं राहिलेलं काम, या दोनच गोष्टींवर बहुतेक अर्ज अडतात. म्हणून हा लेख क्रमानेच वाचा. तुम्ही मधल्या टप्प्यावर असाल तरी पहिले दोन टप्पे तपासून मगच पुढे जा.

आधी एक गोंधळ दूर करू. आरोग्य केंद्र महापालिकेचं असतं. अंगणवाडी मात्र महापालिकेची नसते. ती राज्याच्या महिला व बाल विकास विभागाच्या एकात्मिक बाल विकास सेवा योजनेतली असते. आणि पैसे येतात थेट बँकेत. या तिन्ही ठिकाणच्या वह्या वेगळ्या आहेत. आरोग्य केंद्रात नाव घातलं म्हणून अंगणवाडीत ते आपोआप जात नाही. तिन्ही जोडणारी एकच गोष्ट तुमच्या हातात आहे: सगळीकडे एकच नाव, एकच जन्मतारीख, एकच मोबाईल.

## टप्पा १: पाळी चुकली की आधी कागद

नाव. आपल्याकडे लग्नात नुसतं आडनाव बदलत नाही, तांदळाच्या ताटात लिहून पाळण्यातलं नावही बदलतात. सासरी सगळे नव्या नावाने हाक मारतात, आशाताई (वस्तीतली आरोग्य कार्यकर्ती) तेच कार्डावर लिहून घेते आणि आधारवर माहेरचंच राहतं. मातृवंदनेच्या अर्जात आधारवरचं नाव धरलं जातं. म्हणून आधारवर आज जे नाव आहे, तेच सगळीकडे सांगा: दवाखान्यात, अंगणवाडीत, बँकेत. सासरचं नाव आधारवर लावायचं असेल तर अगदी सुरुवातीला लावा आणि लगेच बँकेतही बदलून घ्या. अर्ज मधे लटकलेला असताना आधारवरचं नाव बदलू नका.

मोबाईल. आधारला जोडलेला नंबर चालू हवा. ओटीपी त्यावरच येतो, अंगणवाडीच्या नोंदणीतही आणि मातृवंदनेतही. पुष्कळ जणींच्या आधारला वडिलांचा किंवा भावाचा जुना नंबर जोडलेला असतो, नाहीतर रिचार्ज न केल्याने बंद पडलेला. नंबर बदलायला आधार केंद्रावर स्वतः जा. पहिल्या-दुसऱ्या महिन्यात हे उरकून घ्या. आठव्या महिन्यात रांगेत उभं राहणं जीवावर येतं.

बँक. खातं बाईच्या स्वतःच्या नावाचं हवं. नवऱ्याचं किंवा सासूचं चालत नाही. आणि इथे सगळ्यात मोठी चूक होते. 'खात्याला आधार लिंक आहे' म्हणजे सरकारी पैसे त्याच खात्यात येतील, असं नसतं. सरकारी रक्कम कोणत्या बँकेत जायची याची एक वेगळी नोंद असते, तिला आधार सीडिंग म्हणतात. ती एका वेळी एकाच बँकेसाठी असते, आणि शेवटी जिथे केली ती चालते. कोणी मधेच पोस्टाचं खातं उघडून दिलं, अंगठा घेतला, की सीडिंग तिकडे गेलेलं असतं. बाई इकडे जुन्या बँकेचं पासबुक भरून बघत बसते आणि पैसे पोस्टात पडून असतात.

तपासायचं कसं? आधारला जोडलेल्या नंबरावरून *९९*९९*१# डायल करून आधार क्रमांक टाका, किंवा आधारच्या संकेतस्थळावर लॉग-इन करून 'बँक सीडिंग' पाहा. बँकेचं नाव आणि नोंद चालू आहे की नाही, दोन्ही दिसतं. लाडकी बहीणचा हप्ता मिळत असेल तर काम सोपं आहे: तो ज्या खात्यात येतो, तेच सीडिंग झालेलं खातं.

> पुढे जाण्याआधी बघा: आधार आणि पासबुक शेजारी ठेवा. नाव अक्षरन् अक्षर जुळतंय का? 'सुनीता' आणि 'सुनिता' हाही फरक मोजला जातो. खात्यावर गेल्या वर्षभरात व्यवहार झालाय का? खातं बंद पडलेलं असेल तर पैसे अडू शकतात.

## टप्पा २: आरोग्य केंद्रात नाव, बारा आठवड्यांच्या आत

तुमच्या वस्तीच्या नागरी आरोग्य केंद्रात जा. आशाताई ओळखीची असेल तर तिला आधी सांगा, तीच घेऊन जाईल. तिथे माता व बाल संरक्षण कार्ड मिळतं. या कार्डाला रेशनकार्डाइतकं जपा. पुढचे सगळे अर्ज यावर चालतात.

कार्डावर पहिली महत्त्वाची नोंद शेवटच्या पाळीच्या तारखेची. ती अंदाजाने सांगू नका. 'होळीच्या आसपास' असं सांगितलं की नर्सताई काहीतरी तारीख टाकतात आणि मातृवंदनेची मुदत त्या तारखेपासून मोजली जाते. आठवत नसेल तर सोनोग्राफीवरून डॉक्टरांना काढून द्यायला सांगा.

खासगी डॉक्टरकडे तपासणी चालू असली तरी सरकारी केंद्रात नाव घालाच. घोडबंदर रोडच्या किंवा वाशीच्या नर्सिंग होमची फाईल कितीही जाड असली तरी मातृवंदनेला सरकारी नोंदणीच लागते. तुम्ही बाळंतपण हवं तिथे करा, नाव घातलं म्हणून कोणी अडवत नाही.

निदान चार तपासण्या व्हायला हव्यात. त्यात वजन, रक्तदाब, लघवी आणि हिमोग्लोबिन यांची नोंद प्रत्येक वेळी कार्डावर झालीये ना, ते निघण्याआधी बघा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. कामावरून सुट्टी काढायची असेल तर तो दिवस धरा.

हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे रक्त कमी, ७ च्या खाली म्हणजे गंभीर. हा आकडा तोंडपाठ ठेवा आणि दर वेळी विचारा. 'बरं आहे' हे उत्तर पुरेसं नाही.

> सावध: पाळीच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत किमान एक तपासणी कार्डावर असली पाहिजे. ती नसेल तर मातृवंदनेचा पहिला हप्ता अडतो.

## टप्पा ३: अंगणवाडीत नोंद, त्याच आठवड्यात

कार्ड हातात पडलं की अंगणवाडी गाठा. अंगणवाड्या सकाळी भरतात, दुपारी गेलात तर कुलूप दिसेल. सोबत आधार, माता-बाल कार्ड आणि तो चालू मोबाईल घ्या.

इथे एक गैरसमज पक्का बसलेला आहे, की अंगणवाडीला पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड लागतं, भाडेकरार लागतो. लागत नाही. हा आहार उत्पन्न पाहून दिला जात नाही. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ प्रमाणे प्रत्येक गरोदर बाईचा आणि बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत प्रत्येक स्तनदा मातेचा तो हक्क आहे. सहा वर्षांपर्यंतच्या मुलांचाही. तुम्ही वॉचमनच्या खोलीत राहा, बांधकामावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहा किंवा भाड्याने घेतलेल्या गावठाणातल्या घरात, ज्या अंगणवाडीच्या हद्दीत राहता तिथे नाव घालता येतं.

नोंद पोषण ट्रॅकर या ॲपमध्ये होते. सेविका आधार क्रमांक घेते, ओटीपी येतो, मग चेहऱ्याचा फोटो काढते. १ जुलै २०२५ पासून घरी न्यायचा आहार देताना चेहरा ओळखण्याची पद्धत सक्तीची झाली आहे. म्हणजे पाकिटं घ्यायला जिची नोंद आहे तिनेच जायचं. शेजारणीला पाठवलं, सासूला पाठवलं की 'ॲप घेत नाही' हे उत्तर मिळणार. सेविकेवर चिडून उपयोग नाही, तिच्याही हातात ते नसतं.

फोटो काढताना उजेडात उभ्या राहा, पदर किंवा ओढणी चेहऱ्यावरून बाजूला घ्या. चाळीतल्या अंधाऱ्या खोलीत काढलेला फोटो पुढच्या महिन्यात जुळत नाही.

नोंद झाल्यावर दोन गोष्टी विचारून घ्या: आहार कोणत्या तारखांना वाटतात, आणि आधी कळवायची पद्धत काय, व्हॉट्सॲप ग्रुप की मदतनीस ताईंचा निरोप. पुष्कळ जणींची पाकिटं केवळ निरोप न मिळाल्याने हुकतात.

वस्तीत अंगणवाडीच नसेल तर? सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २००६ च्या आदेशात सांगितलं आहे की सहा वर्षांखालची किमान ४० मुलं असलेल्या वस्तीने मागणी केली तर तीन महिन्यांत अंगणवाडी मिळाली पाहिजे. मुलांची नावं आणि जन्मतारखा लिहिलेली यादी, पालकांच्या सह्या आणि अर्ज, एवढं घेऊन अंगणवाड्यांच्या नागरी प्रकल्प कार्यालयात जा.

## टप्पा ४: मातृवंदनेचा पहिला हप्ता

प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये मिळतात. १ एप्रिल २०२२ पासून ते दोन हप्त्यांत आहेत: गरोदरपणात ३,००० आणि जन्मानंतर २,०००. पूर्वीचे तीन हप्ते आता नाहीत, तरी अजून ते सांगणारे भेटतात. दुसरं अपत्य मुलगी असेल तर जन्मानंतर ६,००० रुपये एकरकमी. दुसऱ्या खेपेला जुळी झाली आणि त्यात एक जरी मुलगी असली तरी हे ६,००० मिळतात.

कोण बसतं यात? बाईचं वय किमान १८ वर्षं ७ महिने हवं. मग पुढच्यापैकी कोणतंही एक असलं तरी चालतं: कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत, अन्न सुरक्षा योजनेचं रेशनकार्ड, बीपीएल कार्ड, ई-श्रम कार्ड, आयुष्मान भारतचं कार्ड, मनरेगाचं जॉबकार्ड, किसान सन्मानचा लाभ, अनुसूचित जाती किंवा जमाती, ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व. आशा, अंगणवाडी सेविका आणि मदतनीस स्वतःही पात्र आहेत. सरकारी नोकरीतल्या किंवा कायद्याने असाच मातृत्व लाभ मिळणाऱ्या बायकांना मात्र मिळत नाही.

यातला कोणता कागद निवडायचा, यात माझं स्पष्ट मत आहे. उत्पन्नाच्या दाखल्यामागे तहसीलला धावत बसू नका. घरकाम, नाका, कॅटरिंग, शिलाई, भाजीची गाडी यांपैकी काहीही करत असाल तर ई-श्रम कार्ड आधार आणि मोबाईलवर फुकट निघतं. अन्न सुरक्षेचं रेशनकार्ड असेल तर ई-श्रमही नको, रेशनकार्ड पुरेसं आहे. फक्त त्यावर तुमचं स्वतःचं नाव चढलेलं हवं. लग्नाला दोन वर्षं झाली तरी नाव माहेरच्या कार्डावरच, हे इथे सर्रास आढळतं. नुसता केशरी रंग बघून गृहीत धरू नका, कार्ड अन्न सुरक्षा योजनेत आहे का ते दुकानदाराला विचारा.

अर्ज कसा? आशाताई किंवा अंगणवाडी सेविका भरून देते, किंवा योजनेच्या पोर्टलवर स्वतः नोंदणी करता येते. अर्ज फुकट आहे. कोणी 'साहेबांना द्यावे लागतात' म्हणून पाचशे मागितले तर ते साहेबांना जात नाहीत. आणि फोनवर कोणी 'मातृवंदनेचे पैसे आलेत, ओटीपी सांगा' म्हणालं तर फोन ठेवा. पैसे यायला ओटीपी लागत नाही.

मुदत. पहिल्या बाळासाठी शेवटच्या पाळीच्या तारखेपासून ५७० दिवस. गरोदरपणाचे साधारण २८० धरले तर बाळंतपणानंतर सुमारे साडेनऊ महिने उरतात. ऐकायला खूप वाटतं, पण माहेर, बारसं, गावची जत्रा यात ते जातात. दुसरं अपत्य मुलगी असेल तर जन्मापासून २७० दिवस. तरीही दुसऱ्या खेपेला नाव गरोदरपणातच घाला, जन्माची वाट बघू नका.

गर्भपात झाला किंवा बाळ मृत जन्मलं, तर पुढच्या गरोदरपणात तुम्हाला नव्याने लाभार्थी धरलं जातं. आधीच्या नोंदीमुळे हक्क संपत नाही. हे कोणी सांगत नाही, आणि त्या वेळी बाईला विचारायचं बळही नसतं. म्हणून इथे लिहून ठेवलं.

> तपासा: अर्ज गेल्यावर पोचपावतीचा नंबर किंवा स्क्रीनचा फोटो मागून घ्या. 'भरला आहे' या शब्दावर घरी जाऊ नका.

## टप्पा ५: माहेरी जाण्याआधीचा आठवडा

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून यावर थोडं थांबू.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. सातव्यात बाई शहापूरला, साताऱ्याला, जालन्याला किंवा बिदरला जाते. अंगणवाडीला सांगत नाही. दोन-तीन महिने ती आहार घ्यायला येत नाही, सेविका तिला 'स्थलांतरित' दाखवते. माहेरच्या अंगणवाडीत ती 'पाहुणी' म्हणून जातच नाही. शेवटचे तीन महिने आणि बाळंतपणानंतरचे पहिले तीन, म्हणजे जेव्हा अंगाला सगळ्यात जास्त लागतं, तेव्हाच ती कोणाच्याच यादीत नसते.

जाण्याच्या आठवड्यात एवढं करा:

1. सेविकेला सांगा, 'मी अमुक गावी, अमुक दिवसांसाठी जातेय.' पोषण ट्रॅकरमधली तुमची नोंद दुसऱ्या अंगणवाडीकडे पाठवता येते. इथलं नाव न काढता तिकडे नवं घालायला गेलात तर एकाच आधारवर दोन नोंदी होत नाहीत आणि काम अडतं.
2. चालू महिन्याची पाकिटं घेऊन जा.
3. माता-बाल कार्ड, आधार, पासबुक हे तिन्ही पिशवीत. कार्ड इथे कपाटात राहिलं की तिकडचा दवाखाना नवं कार्ड करतो, आणि मग दोन कार्डांवरच्या दोन तारखांचा घोळ निस्तरत बसावा लागतो.
4. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या किती उरल्यात ते मोजा, पुरेशा घेऊन निघा.
5. आशाताईचा नंबर मोबाईलमध्ये आणि कार्डाच्या मागे, दोन्हीकडे लिहा.

माहेर शहापूर किंवा मुरबाडच्या आदिवासी भागात असेल तर तिथल्या अंगणवाडीत डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना चालते. त्यात गरोदर आणि स्तनदा मातांना दिवसातून एक गरम चौरस जेवण मिळतं. शहरात ही योजना नाही. तिकडे गेल्यावर लाजू नका, पहिल्याच आठवड्यात नाव सांगा.

## टप्पा ६: पाकीट घरी आल्यावर

सरकारी निकष असा की गरोदर आणि स्तनदा मातेला रोज ठरावीक कॅलरी आणि प्रथिनं जास्तीची मिळावीत. जास्तीची, म्हणजे घरच्या जेवणाशिवाय. पाकीट आलं म्हणून दुपारची भाकरी कमी झाली तर सगळंच व्यर्थ. आणि पाकीट एका बाईचं आहे. सगळ्या घराने चहाबरोबर खाल्लं तर तिच्या वाट्याला चमचाभर येतं. सासूबाई, आई, कोणीही हे वाचत असाल, तर हे एवढं तिच्यासाठी वेगळं ठेवा.

'चव नाही' ही तक्रार खरी आहे. पाकिटावर लिहिलंय तसं शिजवून वर तुपाची धार, गूळ, भाजलेले शेंगदाणे किंवा किसलेलं गाजर घाला. तिखटाचं असेल तर कांदा-टोमॅटो आणि मोड आलेले मूग घालून उपम्यासारखं करा. पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेत उघडं पाकीट आठवड्यात ओशट वास देतं आणि अळ्या धरतात. उघडलं की घट्ट झाकणाच्या डब्यात काढा, कोरडा चमचा वापरा. घेताना तारीख बघा. फाटलेलं किंवा मुदत संपलेलं असेल तर तिथेच परत करा.

गोळ्यांबद्दल दोन शब्द, कारण आहार चांगला आणि गोळ्या चुकीच्या वेळी, असं फार होतं. चौथ्या महिन्यापासून रोज एक लोहाची गोळी, किमान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. कॅल्शियम रोज दोन वेळा. दोन्ही एकत्र घेऊ नका, मधे किमान दोन तास जाऊ द्या. लोहाची गोळी चहा किंवा दुधाबरोबर नको, लिंबू पिळलेल्या जेवणानंतर घ्या. शी काळी होते, त्याने घाबरून गोळी बंद करू नका. मळमळत असेल तर रात्री झोपताना घ्या.

## टप्पा ७: बाळ झाल्यावर पहिले चार महिने

सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त आणि जेवण जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे. साध्या बाळंतपणाला तीन दिवस, सिझेरियनला सात दिवस जेवण. घरून डबा आणा असं सांगितलं तर आधी विचारा. १०२ ची गाडीही त्यातच येते. बीपीएल, अनुसूचित जाती-जमातीच्या बायकांना जननी सुरक्षा योजनेचे शहरात ६०० रुपये वेगळे मिळतात. त्यासाठी डिस्चार्जच्या आधी पासबुकाची प्रत देऊन ठेवा.

पहिल्या तासात बाळ छातीशी, चिकाचं दूध टाकायचं नाही, सहा महिने वरचं पाणीसुद्धा नाही. हे बहुतेकींना माहीत असतं. चुकतं ते माहेरी, गुटी आणि मधाच्या बोटापाशी. तिथे आईने ठाम राहायला हवं.

मग कागद:

जन्मनोंद २१ दिवसांत. रुग्णालय कळवतं, पण आईवडिलांची नावं कशी लिहिलीत ते तुम्ही बघायचं. आईचं नाव पुन्हा आधारप्रमाणेच. दाखला जिथे जन्म झाला तिथल्या ग्रामपंचायत किंवा पालिकेकडून मिळतो, ठाण्यात येऊन मागून मिळत नाही. माहेरहून निघण्याआधी दाखला हातात घ्या.

अंगणवाडी. बाळंतपणाची तारीख सेविकेला कळवा. तुमची नोंद 'गरोदर'वरून 'स्तनदा' होते आणि बाळाचं नाव जोडलं जातं. बाळाचं आधार नसलं तरी अडत नाही, आईच्या आधारवर चालतं.

लसी. जन्माच्या लसी, मग ६, १० आणि १४ आठवडे. चौदाव्या आठवड्याची फेरी पूर्ण झाली की मातृवंदनेचा दुसरा हप्ता मागता येतो. खासगी डॉक्टरकडे लस दिली असेल तर त्या कार्डाची प्रत आशाताईला देऊन सरकारी नोंद करून घ्या. नाहीतर लस दिलेली असूनही कागदावर बाळ बिनलसीचं राहतं. दुसरा हप्ता अडायचं इथलं पहिलं कारण हेच.

रेशन. प्राधान्य कुटुंबाच्या कार्डावर धान्य माणशी ५ किलो आहे, म्हणून बाळाचं नाव कार्डावर घालायचा अर्ज जन्मदाखल्यासह द्या. ठाणे-नवी मुंबईत हे काम शिधावाटप कार्यालयात होतं, तहसीलमध्ये नाही. कार्ड गावचं असेल तरी आपल्या वाट्याचं धान्य अंगठा लावून इथल्या दुकानातून उचलता येतं.

## टप्पा ८: सहा महिने पूर्ण झाल्याचा दिवस

या दिवशी आईचा आहार थांबतो आणि बाळाचा सुरू होतो. पाकिटं बंद झाली म्हणून बायका अंगणवाडीत जायचंच थांबवतात, आणि बाळाच्या वाट्याचं तसंच राहतं. कॅलेंडरवर खूण करा.

बाळाला रोज ठरावीक कॅलरी आणि प्रथिनं जास्तीची, तीव्र कुपोषित असेल तर आणखी जास्त, असा निकष आहे. पाकिटातलं मऊ, दाट शिजवा, चमच्यावरून ओघळू नये इतकं. पातळ पेज पोट भरते, अंगाला लागत नाही. सुरुवातीला दोन-तीन चमचे, मग आठव्या महिन्यापर्यंत अर्धी वाटी दिवसातून दोन-तीन वेळा. आईचं दूध दोन वर्षांपर्यंत चालू.

दर महिन्याला वजन आणि उंची करून घ्या आणि कार्डावर बिंदू मांडायला सांगा. वजन वाढलं की नाही हे एका आकड्यावरून कळत नाही, रेष वर जाते की आडवी पडते ते बघायचं. दंडाला लावायची पट्टी पाच वर्षांपर्यंत वापरतात: ११.५ सेंटीमीटरच्या खाली लाल, १२.५ पर्यंत पिवळी. लाल आली, किंवा दोन्ही पावलांवर सूज असून दाबल्यावर खळगा राहिला, तर त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा. तिथून पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवलं तर नाही म्हणू नका. मजुरी बुडते, मोठं मूल घरी एकटं राहतं, हे सगळं खरं आहे. तरी जा.

## टप्पा ९: तीन वर्षांनंतर

आता घरी न्यायचं पाकीट नाही. मूल अंगणवाडीत येऊन बसेल आणि तिथेच ताजं शिजवलेलं खाईल. डबा घेऊन 'याचं घरी देते' म्हणणाऱ्या आया असतात, पण ते तिथे खाण्यासाठीच आहे. मुलाला सकाळी काही न खाऊ घालता पाठवू नका. भुकेलं मूल तासाभरात रडतं आणि घरी आणावं लागतं.

## टप्पा १०: अडलं तर कुठे

पायऱ्या सोडून थेट नगरसेवकाकडे गेल्याने अंगणवाडीचं काम लवकर होत नाही, कारण ती महापालिकेची नाही. सेविकेशी बोला. तिने ऐकलं नाही किंवा तिच्या हातात नसेल तर मुख्यसेविका, म्हणजे सेविकांच्या कामावर देखरेख करणारी. तिचं नाव आणि नंबर अंगणवाडीच्या भिंतीवर असावा, नसेल तर विचारा. त्यानंतर नागरी प्रकल्पाचा बाल विकास प्रकल्प अधिकारी. इथवर लेखी जा, दोन प्रती काढा, एकीवर शिक्का घ्या. या योजनेचं राज्याचं आयुक्तालयही आपल्याकडेच, सीबीडी बेलापूरला आहे. आहार महिनोन्‌महिने मिळाला नाही तर अन्न सुरक्षा कायद्याखाली जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आणि राज्य अन्न आयोगाकडे जाता येतं. आपले सरकार पोर्टलवर तक्रार टाकली तर तिचा क्रमांक मिळतो.

मातृवंदनेचे पैसे आले नाहीत तर तक्रारीआधी तीन गोष्टी बघा: पोर्टलवर अर्जाची स्थिती काय आहे, सीडिंग कोणत्या बँकेत आहे, आणि त्या बँकेचं पासबुक शेवटचं कधी भरलं. पैसे दुसऱ्याच खात्यात आलेत, असं त्या वेळी अनेकदा कळतं.

तक्रारीत 'आहार मिळत नाही' एवढंच लिहू नका. नाव, अंगणवाडी कुठली, कोणत्या महिन्यांचा मिळाला नाही, कोणत्या तारखेला गेलात, काय उत्तर मिळालं, हे लिहा. त्यासाठी माता-बाल कार्डाच्या मागच्या पानावर आजपासून दर वाटपाची तारीख स्वतःच्या हाताने लिहायला लागा. लिहिता येत नसेल तर वाटपाच्या दिवशी पाकिटांचा मोबाईलवर फोटो काढा, त्यावर तारीख येते.